थ्रो-इनला ऑफसाइड नसतो

लाइनमन मुल्लाणी सरांची पोटरी धरली, तेव्हा फायनल संपायला वीस मिनिटं उरली होती. ते लाइनवर आडवे झालेले बघून मी टेबलामागं उठून उभीच राहिले. अंबाबाई, उठव गं त्यांना, मी मनात म्हणत होते. बर्फ लाव, स्प्रे मार, काय पाहिजे ते कर, पण उठव.

कारण मी चौथी पंच होते. चौथ्या पंचानं टेबलाशी बसायचं, बदली खेळाडूचा नंबर दाखवायचा, आणि मैदानातल्या तिघांपैकी कुणी पडलं तर त्याच्या जागी उभं राहायचं. हे शेवटचं काम सहसा कुणावर येत नाही. म्हणूनच तर असोसिएशननं मला त्या दिवशी तिथं बसवलं होतं. दोन पंच लग्नाला गेलेले, एकाला ताप, आणि खेळत होती आमचीच चिंचतळ तालीम. बसून राहायला काय जातंय, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

कोल्हापूरबाहेरच्यांना सांगायला पाहिजे. आमच्याकडं फुटबॉलची टीम तालमीची असते आणि तालीम पेठेची. ज्या गल्लीत जन्मलात तीच तुमची टीम, त्यात मग लग्नानंसुद्धा बदल होत नाही. माझा धाकटा भाऊ धैर्यशील चिंचतळचा कॅप्टन होता, मागं डिफेन्समध्ये खेळायचा. आमचे वडील, बळवंत इंगवले, ज्यांना अख्खी पेठ तात्या म्हणायची, ते त्यांच्या काळातले नावाजलेले फुलबॅक. आणि मी त्या पेठेतली पहिली बाई पंच. परीक्षा पास झाले तेव्हा तालमीच्या कोपऱ्यावर माझ्या फोटोचा बोर्ड लागला होता. नगरसेवकापेक्षा मोठा फोटो, काय सांगू.

मुल्लाणी सर काही उठले नाहीत. मेन पंच सुतार सरांनी मला हातानं बोलावलं.

"संयोगिता, झेंडा घे."

"सर, आमच्या पेठेची मॅच हाय ही."

"मला दिसत न्हाई व्हय ते? दुसरं कोण हाय, सांग तू."

तेवढ्यात समोरच्या टीमचे, तोफखाना क्लबचे मॅनेजर नंदू पिसे धावत आले. "ओ सुतार सर, काय चाललंय काय? त्यांचा कॅप्टन हिचा सख्खा भाऊ. हिचा बाप गॅलरीत बसून डिफेन्स चालवतोय. आणि आता झेंडा पण हिच्याच हातात? मग कप पण आत्ताच नेऊन द्या की त्यांच्या घरी!"

"नियमात बसतंय ते, नंदूशेठ. नको असंल तर मॅच हितंच थांबवतो."

पिसे माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "बाई, एक जरी झेंडा वाकडा पडला तर टीम घेऊन बाहेर पडणार मी. आणि कुणामुळं पडलो ते अख्ख्या कोल्हापूरला सांगणार."

"उतरतो मी," मी सुतार सरांना म्हणाले. (आमच्याकडं पोरीपण जातो-येतोच म्हणतात, हसू नका.)

मी लाइनवर गेले आणि मागची चिंचतळची गॅलरी उठून उभी राहिली. "आली रं आली, आपली संयू आली!" शिट्ट्या, हलगी, काय विचारू नका. तालमीचे अध्यक्ष आण्णा सरनाईक पुढच्याच पायरीवर होते. ते ओरडले, "संयू, घरचंच कार्य समज गं!" सगळी गॅलरी हसली. मला मात्र घाम फुटला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

माझ्या बाजूला आमचीच टीम गोल राखत होती. म्हणजे पुढची वीस मिनिटं तोफखान्याचा फॉरवर्ड ऑफसाइड आहे की नाही, हे मी सांगायचं होतं. पेठेच्या बाजूनं चुकले तर पिसे टीम घेऊन जाणार आणि माझी पंचगिरी तिथंच संपणार. पेठेच्या विरुद्ध झेंडा गेला तर बरोबर असूनही संध्याकाळी मला त्याच गल्लीत परत जायचं होतं. स्कोअर शून्य-शून्य. देवा, काही न होता टायब्रेकरला जाऊ दे, एवढंच मी मागत होते.

ऑफसाइड मला आणि धैर्याला तात्यांनी गच्चीवर शिकवला होता, आईनं वाळत घातलेल्या पापडांवर. "ह्यो गोलकीपर. ह्यो आपला शेवटचा गडी. आता समोरचा फॉरवर्ड ह्या गड्याच्या पलीकडं जाऊन उभा ऱ्हायला आणि मागनं त्याला पास आला, तर त्यो ऑफसाइड. फुकटचं खायला आधीच पंगतीत जाऊन बसल्यासारखं." मग ते आमच्या बाजूचे चार पापड एकदम पुढं सरकवायचे. "आणि पास सुटायच्या आधी आपून सगळे असे वर सरकलो, तर त्यो बिचारा आपोआप मागं एकटा ऱ्हातोय. ह्याला म्हणायचं ट्रॅप." आई खालनं ओरडायची, "अहो, ट्रॅप गेला खड्ड्यात, पापड मोडतील!" जेवताना घास तोंडाशी नेला की तात्या मध्येच विचारायचे, "ऑफसाइड कशाला नसतोय?" आणि आम्ही दोघांनी एका दमात म्हणायचं, "गोलकिक, कॉर्नर, थ्रो-इन." नाही म्हटलं तर भाकरी थांबायची.

गुडघा गेल्यावर तात्यांचा खेळ सुटला, पण ट्रॅप सुटला नाही. चिंचतळची एक रीतच पडली होती. डिफेन्सनं कधी वर सरकायचं ते तात्या ठरवायचे. खालून तिसऱ्या पायरीवर, लाइनच्या अगदी मागं बसायचे. पूर्ण मॅचमध्ये चकार शब्द नाही. वेळ आली की एकच हाक, "वऽऽर!" आणि आमची चार पोरं एका पावलानं पुढं. हाफटाइमला बाजू बदलली की तात्यापण दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे. अलीकडं गर्दी फार असायची म्हणून पोरं त्यांचा हात धरून न्यायची. दुसऱ्या तालमीचे लोक चिडवायचे, चिंचतळची डिफेन्स गॅलरीत बसलीया म्हणून. पण ती हाक चुकलेली कुणी ऐकली नव्हती. तात्यांची हाक म्हणजे ऑफसाइड, हे पेठेत पोराटोरांना पाठ होतं.

मी लाइनवर उभी राहिले तेव्हा तात्या माझ्या मागं दहा-बारा हातांवर होते. मी वळून बघितलं नाही. बघायचं धाडसच झालं नाही.

थोड्याच वेळात पहिली परीक्षा आली. तोफखान्याचा नऊ नंबर, वीरू पाटोळे, आमच्या डिफेन्सला घासून उभा होता. मागनं "वऽऽर!" आलं, पोरं सरकली, पास सुटला, आणि वीरू हातभर पलीकडं. स्वच्छ ऑफसाइड. मी झेंडा वर केला. गॅलरी पेटली. समोरून पिसे बोंबलले, "घरचा झेंडा! घरचा झेंडा!" वीरूनं मात्र मान डोलावली, त्याला माहीत होतं. तोफखान्याचा कॅप्टन अर्षद माझ्या शेजारून जाताना हळू म्हणाला, "बरोबर होता, ताई." माझा जीव जरा खाली बसला. पण झेंड्याची काठी घामानं एवढी ओली झाली होती, की मी ती जर्सीला पुसली.

शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली असतील. बॉल पलीकडच्या लाइनवर होता. आमच्या एका पोरानं घाबरून तो बाहेर मारला. सुतार सरांचा हात तोफखान्याच्या बाजूनं गेला, थ्रो-इन त्यांचा. नेहमी बॉल गर्दीत गेला की परत यायला वेळ लागतो, तेवढ्यात पोरं दम खातात. त्या दिवशी कडेला उभ्या असलेल्या कुणीतरी झेलला आणि तसाच परत फेकला. अर्षदनं घेतला, डोक्यामागं नेला आणि उचलून लांब टाकला, मधोमध, वीरूच्या दिशेनं.

बॉल त्याच्या हातातनं सुटायला आणि माझ्या मागनं हाक यायला एकच गाठ पडली.

"वऽऽर!"

आमची चारही पोरं पुढं सरकली. धैर्याचा हात वर गेला. वीरू एकटा मागं राहिला, त्याच्या पुढं फक्त गोलकीपर.

माझा हात निघाला होता हो. खोटं कशाला सांगू? कोपरापर्यंत झेंडा उठला होता. ती हाक मी लहानपणापासून ऐकत आलेली, तिच्यापुढं डोकं चालायच्या आधी अंग चालायचं. पण अर्षदचे दोन्ही हात अजून डोक्याच्या वर होते, ते मला दिसत होते. थ्रो-इन. थ्रो-इनला ऑफसाइड नसतो. मी हात खाली दाबून धरला, दुसऱ्या हातानं.

वीरूनं बॉल पायात घेतला आणि थबकला. त्यालाही वाटलं शिट्टी होणार. त्यानं माझ्याकडं बघितलं. सगळं स्टेडियम माझ्याकडं बघत होतं. धैर्या त्याच्यापासून तीन-चार पावलांवर, हात वर करून, माझ्याकडंच बघत उभा. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे पळ की! पण मी पंच होते, पंच ओरडत नाही.

झेंडा वर गेला नाही तसा वीरू भानावर आला. दोन टप्प्यांत आत गेला आणि गोलकीपरच्या अंगाखालनं बॉल सरकवला. गोल. मी नियमाप्रमाणं मधल्या रेषेकडं पळत सुटले. गोल बरोबर आहे, हे लाइनमननं सांगायची तीच रीत. बाई असले तरी मला लाइनमनच म्हणायचे.

 मागनं पहिलं चप्पल आलं.

नंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. पाण्याचे पाऊच पाठीवर फुटत होते. "गद्दार!" हा आवाज आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा होता, मी ओळखला. "बापाच्या हाकेला खोटं पाडलंस व्हय गं?" हा कुणाचा, कळलं नाही. सुतार सरांनी गोल कायम ठेवला. उरलेल्या वेळात आमची पोरं नुसती सैरावैरा पळत राहिली. एक-शून्य. कप तोफखान्यानं नेला, आणि मला पोलिसांच्या जीपमध्ये बसवून मागच्या रस्त्यानं घरी सोडलं. जीपमध्ये बसताना धैर्या दिसला. तो माझ्याकडं न बघता तात्यांच्या दिशेनं चालला होता. रडत नव्हता. रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आईनं दार उघडलं आणि मला बघून तोंडावर हात ठेवला. माझ्या केसांतनं पाणी गळत होतं.

"हरला का जिंकला?"

"मी पंच हाय आई. मी हरत न्हाई, जिंकत न्हाई."

"मग अशी भिजलीस कशानं?"

मी सांगायला लागले, तेवढ्यात गल्लीत आवाज आला. खिडकीतनं बघितलं. पुढं तात्या, त्यांचा हात धरलेला धैर्या, आणि मागं गल्ली भरून माणसं. आईनं मला स्वयंपाकघरात ढकललं. "तू आत बस. बाहेर येऊ नगंस."

पण मी आत बसले नाही. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिले. पळून बसले असते तर झेंडा चुकला असाच त्याचा अर्थ झाला असता.

तात्या पुढच्या सोप्यात त्यांच्या खुर्चीवर बसले. धैर्या भिंतीला उभा. आण्णा सरनाईक आत आले, त्यांच्या मागं तालमीची दहा-पंधरा माणसं, बाकीची उंबऱ्याबाहेर. आण्णा वाईट माणूस नव्हेत. माझा तो बोर्ड त्यांनीच लावलेला. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"तात्या, भांडायला आलो न्हाई," आण्णा म्हणाले. "पोरगी तुमची तशी आमची. पण पोरं ऐकायला तयार न्हाईत. तुमच्या हाकंवर आम्ही इतकी वर्षं जगलो. तुम्ही हाक दिलीसा म्हंजे ऑफसाइड होता. पोरीनं झेंडा धरला न्हाई. नंदू पिसेला भिऊन म्हणा, न्हाईतर पंचगिरीचा तोरा म्हणा. उद्या तालमीत मारुतीपुढं येऊन चुकलं म्हणू दे आणि झेंडा खाली ठेवू दे. कायमचा. विषय मिटला."

"आणि न्हाई म्हटली तर?" आई आतनं म्हणाली.

"वहिनी, मग मला कुणाला आवरता येणार न्हाई. ह्या घराशी बोलायचं न्हाई, असं ठरवून आलीत पोरं."

 तात्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून धरले. 

तेव्हाच मला खरी भीती वाटली. चपलांची वाटली नव्हती तेवढी. तात्यांची हाक खरी म्हटली तर माझा झेंडा खोटा. माझा झेंडा खरा म्हटला तर तात्या खोटे. दोन्ही एका घरात राहणार कसे? आणि तात्यांनी सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट केलं असतं, तर मी तो झेंडा परत हातात धरला नसता, हे मला आतून कळत होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"थ्रो-इन होता," धैर्या म्हणाला.

सगळे वळले.

"काय म्हणालास?" आण्णांनी विचारलं.

"अर्षदनं हातानं टाकला बॉल. थ्रो-इनला ऑफसाइड नसतो. ताईचं बरोबर हाय."

"मग तू हात वर करून काय आरती ओवाळत होतास?"

 तात्यांनी हाक दिली, एवढं नुसतं धैर्या म्हणाला असता तरी एका वाक्यात सुटला असता. "विसरलो," तो म्हणाला.

"विसरलो?" आण्णांचा आवाज चिरकला. "फायनलला? कॅप्टन हाईस का हमाल? पेठ वाट बघून म्हातारी झाली ह्या कपापायी, आणि तू विसरलास?" ते दोन पावलं पुढं गेले आणि त्यांचा हात उठला.

"त्याला हात लावू नका, आण्णा," तात्या म्हणाले. "हाक माझी होती."

आण्णांचा हात तिथंच राहिला.

"पोरानं बघितला असणार थ्रो-इन. त्याला पाठ हाय, मीच पाठ करून घेतलाय. पण माझी हाक आली आणि त्यो माझ्या हाकंवर गेला. पोरीनं झेंडा धरला न्हाई ते बरोबर केलं. चुकलो मी."

बाहेर कुणीतरी खोकलं. आण्णांचा राग एकदम उतरल्यासारखा झाला. तेच मग सावरून घ्यायला लागले. "व्हय, म्हंजे... पलीकडच्या कडंला गर्दी कसली होती. माणसं आडवी आली असतील. न्हाईतर तुम्हाला थ्रो-इन दिसला न्हाई असं हुईल व्हय?"

चांगली वाट होती ती. आण्णांनी मनापासून दिलेली. तात्या नुसती मान हलवते तर सगळे घरी गेले असते, आणि पुढच्या वर्षी तात्या परत तिसऱ्या पायरीवर बसले असते.

"गर्दी न्हवती आडवी," तात्या म्हणाले. "मला दिसतच न्हाई, आण्णा."

"काय?"

"काचबिंदू हाय म्हणाला डॉक्टर. गेलेली नजर परत येत न्हाई म्हणाला. उजव्या डोळ्यानं कवाच न्हाई, डाव्यानं म्होरं माणसाची सावली तेवढी कळतीय. पलीकडची लाइन बघून दोन सीझन झालं."

मी आईकडं बघितलं. आई पदरानं डोळे पुसत होती. तिला माहीत होतं. ताटात चटणी कुठं, भाजी कुठं, हे ती तात्यांना रोज का सांगायची ते मला त्या क्षणी कळलं. मी त्यांच्याच घरात राहत होते, आणि मला वाटायचं म्हातारपणी आई त्यांचे लाड करतीय.

"आणि हाका?" आण्णांनी विचारलं. "इतक्या हाका दिल्यासा की."

"कानानं. पास सुटायच्या आधी सगळी गॅलरी दम धरती. चालू बोलणं थांबतंय. त्यो कळतोय मला. तवा हाक द्यायची." तात्या जरा थांबले. "आज पण तसाच दम धरला लोकांनी. थ्रो-इनला पण धरत्यात, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"सांगायचं हुतंसा, तात्या."

"सांगितलं असतं तर बसवलं असतंसा व्हय मला तिथं?"

  आण्णांनी पुढं होऊन तात्यांच्या पायांना हात लावला. जायच्या आधी माझ्यासमोर येऊन थांबले.  त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओले केस लागले तसा काढला, आणि गेले. गल्ली हळूहळू रिकामी झाली. कुणी मोठ्यानं बोललं नाही. माझ्याशी बोलायचं बंद करणारे दोघं-तिघं होतेच, ते पुढं वर्षभर बंद राहिले, पण तो वेगळा भाग.

आज त्याला वीस वर्षं होत आली. मी अजून पंच आहे. नंतर किती फायनल केल्या. पण त्या संध्याकाळी शेवटी जे झालं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. धैर्यालाही त्यावर परत कधी विचारलं नाही.

दार लावून आई चहा टाकायला आत गेली. आम्ही तिघंच सोप्यात. तात्यांनी खुर्चीवरनं मान वर केली.

"धैर्या."

"जी."

"हात वर केला नसतास, पळत सुटला असतास, तर गाठला असतास का रं त्या वीरूला?"

धैर्या पेठेतला सगळ्यात वेगाचा गडी. वीरू थबकलेला. मधे तीन-चार पावलं. गाठला असता, बॉल काढून घेतला असता आणि वर एक शिवी पण दिली असती.

"न्हाई, तात्या," धैर्या म्हणाला. "लई लांब होता. गावला नसता."

 तात्यांनी तोंड माझ्याकडं, म्हणजे मी असेन अशा अंदाजानं दाराकडं वळवलं. "संयू, तू लाइनवर होतीस. तू सांग. गाठला असता?"

धैर्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. नाही म्हण. तात्यांच्या अगदी तोंडासमोर उभा राहून हलवली. हात जोडले. तात्यांना दिसणार नाही, हे आता त्यालाही माहीत होतं. एक शब्द तर म्हणायचा होता. म्हातारा माणूस, नजर गेली, जागा गेली, इज्जत आत्ताच सगळ्यांदेखत काढून ठेवली. कप आपल्या हाकेनं गेला, हे तरी त्याच्या वाट्याला कशाला?

 तात्या वाट बघत होते.

"गाठला असता," मी म्हणाले.

धैर्यानं डोळे मिटून घेतले.

"नक्की?"

"नक्की, तात्या. वीरू थांबला होता. धैर्या चार पावलांवर होता. आरामात गाठला असता."

तात्यांनी मोठा श्वास सोडला. मला वाटलं आता खचतील. मी पुढं झाले. पण त्यांचे खांदे सैल पडले होते, आणि चेहरा घरी आल्यापासून पहिल्यांदाच माणसासारखा दिसत होता.

"म्हंजे पोरगं कमी पडलं न्हाई माझं," ते म्हणाले.

त्यांनी हात पुढं करून चाचपला, धैर्याचं मनगट सापडलं, ते धरून त्याला खाली शेजारी बसवलं. धैर्या तेव्हा रडला.